पेशंटची ने-आण करायच्या नोकरीत नवीन आलात? मग पहिल्या काही महिन्यांसाठी हे वाचून ठेवा

पहिल्याच आठवड्यात आमच्या एका सीनियर दादांनी मला रिकाम्या स्ट्रेचरवर आडवं व्हायला सांगितलं, पट्टे बांधले आणि मी रोज चालवत होते तीच गाडी त्यांनी पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणली. एवढ्याशा वेळात मला मळमळायला लागलं. वर फक्त छत दिसतं, गाडी कुठे वळणार ते कळत नाही, ब्रेक लागला की सगळं अंग एका बाजूला सरकतं आणि धरायला काही नसतं, आणि स्पीडब्रेकर आला की तो आधी पाठीलाच कळतो. उतरल्यावर दादा एवढंच म्हणाले, "आता उद्यापासून चालव."

म्हणून नवीन माणसाला मी पहिली पायरी हीच सांगते. लायसन्स, कागदपत्रं, युनिफॉर्म हे सगळं ऑफिसवाले बघून घेतील. तुम्ही एखाद्या सहकाऱ्याला गाठा आणि स्वतः पेशंट होऊन एक चक्कर मारून या. एकदा स्ट्रेचरवर आणि एकदा व्हीलचेअरवर, पट्टे लावून. गाडी हळू चालवा असं ट्रेनिंगमध्ये दहा वेळा सांगतात, पण ते अंगात असं आडवं पडल्यावरच उतरतं. त्यानंतर मला एक सवय लागली, मोठा खड्डा किंवा स्पीडब्रेकर यायच्या आधी मी मागे आवाज देते, "काका, जरासा धक्का बसेल हं." हाड मोडलेल्या किंवा पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला त्या दोन सेकंदात अंग सावरून घेता येतं, आणि गाडीत आपला कुणीतरी विचार करतंय हे त्याला न सांगता कळतं.

शिफ्ट सुरू व्हायच्या आधीची पंधरा मिनिटं

ही पंधरा मिनिटं कुणी बघत नाही म्हणून लोक टाळतात आणि मग दिवसभर त्याचीच किंमत मोजतात. टायर, ब्रेक, इंधन, लाइट तर झालेच, पण त्यापेक्षा मागचा भाग बघा. रॅम्प किंवा लिफ्ट एकदा पूर्ण खाली-वर करून बघायची, कारण ती बंद पडली तर पेशंट रस्त्यावर अडकतो, तुम्ही नाही. व्हीलचेअर बांधायचे चारही पट्टे आहेत का, त्यांची बकलं अडकत नाहीत ना, स्ट्रेचरचं लॉक नीट बसतंय ना. ग्लोव्हज, मास्क, उलटीसाठी पिशव्या, जास्तीची चादर, टिश्यू, टॉर्च, फर्स्ट एडची पेटी, आग विझवायचा सिलेंडर.

ऑक्सिजन असेल तर मीटरवर नुसतं बघू नका, हिशोब करा. पूर्ण भरलेल्या ई साइझच्या सिलेंडरमध्ये साधारण 680 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 2 लिटरने लावला तर 340 मिनिटं, म्हणजे साडेपाच तास आणि थोडं वर. तोच 4 लिटरने लावला तर 170 मिनिटं, तीन तासही पुरत नाही. आणि हे सिलेंडर पूर्ण भरलेला असताना, अर्धा असेल तर अर्धा वेळ. प्रवास एक तासाचा असला तरी ट्रॅफिक, दवाखान्यातलं वेटिंग, लिफ्ट बंद असणं हे सगळं धरून निदान दुप्पट वेळ पुरेल एवढा हवाच. सिलेंडर कधी मोकळा ठेवायचा नाही, आडवा सुटला की तो गाडीत गोळ्यासारखा फिरतो, आणि रेग्युलेटरला तेलकट हात लावायचा नाही, ऑक्सिजन आणि तेल-ग्रीस एकत्र आलं की पेट घेऊ शकतं. जवळपास कुणी सिगारेट ओढत असेल तर पेशंटचा नातेवाईक असला तरी थांबवायचं, संकोच करायचा नाही.

स्वतःचंही बघा. हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली नसेल तर घ्या, साधारण तीन डोस असतात, दुसरा एक महिन्याने आणि तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. हात सॅनिटायझरने 20 ते 30 सेकंद आणि साबणाने 40 ते 60 सेकंद चोळायचे असतात. घड्याळ लावून एकदा बघा, आपण रोज किती कमी वेळ धुतो ते लक्षात येईल.

दारातलं पहिलं वाक्य

2013 सालची गोष्ट आहे. केट ग्रेंजर नावाच्या इंग्लंडमधल्या एक डॉक्टर, स्वतःला कॅन्सर झालेला, त्या पेशंट म्हणून हॉस्पिटलमध्ये होत्या आणि त्यांच्या लक्षात आलं की येणारे-जाणारे बरेच जण आपलं नावसुद्धा सांगत नाहीत, नुसतं येतात, काम करतात आणि जातात. ज्याने नीट स्वतःची ओळख करून दिली तो त्यांना एका विभागातून दुसऱ्या विभागात घेऊन जाणारा पोर्टर होता. त्यावरून त्यांनी "हॅलो, माय नेम इज" ही मोहीम सुरू केली आणि ती त्यांच्या देशाबाहेरही पोचली. 2016 मध्ये त्या गेल्या. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, कारण एवढ्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये एका डॉक्टरच्या मनात राहिलेला माणूस आपल्यासारखं ने-आणीचं काम करणारा होता.

तर दारात गेल्यावर बेल वाजवून "पिकअप" असं ओरडायचं नाही. नाव सांगा, कुठून आलात ते सांगा, मग पेशंटचं पूर्ण नाव त्यांच्याच तोंडून विचारून घ्या आणि कागदाशी जुळवा. एकाच बिल्डिंगमध्ये एकाच आडनावाचे दोन पेशंट असतात, चुकीचा माणूस चुकीच्या दवाखान्यात पोचल्याचे प्रकार खरंच होतात. नातेवाइकांशी बोलण्याआधी पेशंटशी बोला. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून त्याच्या मुलाला "यांना चालता येतं का?" असं विचारणं ही मी सुरुवातीला कितीतरी वेळा केलेली चूक आहे, त्या काकांचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून आधी विचारते, "काका, तुम्हाला उठताना कुठल्या बाजूने आधार दिला तर बरं पडेल?" त्यांचं शरीर आहे, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

निघायच्या आधी फाईल, रोजची औषधं, चष्मा, कानाचं मशीन, फोन, किल्ली. हे मी बोटांवर मोजते. चष्मा घरी राहिला तर दवाखान्यात सही करायला दिलेला कागद वाचता येत नाही, कानाचं मशीन राहिलं तर डॉक्टर काय म्हणाले ते अर्धं कळतं. ऑपरेशनसाठी किंवा तपासणीसाठी उपाशी बोलावलं असेल तर वाटेत पाणीसुद्धा द्यायचं नाही, कितीही कळवळून मागितलं तरी आधी विचारायचं.

उठवणं, बसवणं, उचलणं

इथे घाई केली की दोघांपैकी एक जण जायबंदी होतो. झोपलेल्या माणसाला एकदम उभं करू नका. आधी बेडच्या कडेला पाय सोडून बसवा, एक-दोन मिनिटं थांबा, चक्कर येतेय का विचारा, चेहरा पांढरा पडतोय का बघा. बरेच दिवस पडून असलेल्या माणसाचं बीपी उभं राहताना झपकन खाली येतं आणि तो तुमच्या अंगावर कोसळतो.

काखेत हात घालून ओढायचं नाही. लकवा झालेल्या माणसाचा खांदा आधीच सैल झालेला असतो, तो अशा ओढण्याने निखळू शकतो. कंबरेचा ट्रान्सफर बेल्ट असेल तर तोच वापरा. अर्धं अंग कमजोर असेल तर व्हीलचेअर त्यांच्या चांगल्या बाजूला लावा, म्हणजे ते स्वतःच्या जोरावर तिकडे वळू शकतात. ब्रेक दोन्ही लावलेत ना, पायठेवण्या वर केल्यात ना, हे बसवायच्या आधी. आणि मोठ्याने मोजा, एक, दोन, तीन. मोजल्याने पेशंट पण जोर लावतो आणि त्याला वाटतं की मी उठलो, मला कुणी उचललं नाही. हा फरक आपल्याला छोटा वाटतो, त्यांना वाटत नाही.

तुमची पाठ पण पेशंटएवढीच महत्त्वाची आहे. गुडघे वाकवा, वजन छातीजवळ घ्या, उचललेलं असताना कंबरेतून वळू नका, पाय टाकून वळा. एकट्याने जमणार नसेल तर दुसरा माणूस येईपर्यंत थांबा आणि ऑफिसला तसं सांगा. उशीर झाल्याचं बोलणं ऐकून घेता येतं, मणका सरकला तर नोकरीच जाते.

उतारावर व्हीलचेअर नेताना तुम्ही मागे चालत, खुर्ची उलटी करून, म्हणजे पेशंटचं तोंड चढाच्या बाजूला राहील असं उतरायचं. सरळ नेली तर माणूस पुढे घसरतो. जिन्यावरून स्ट्रेचर उतरवताना पाय पुढे, चढवताना डोकं पुढे, दोन्ही वेळेला डोकं वरच्या बाजूला राहतं. आणि काय करणार ते आधी सांगा. "आता मी खुर्ची थोडी मागे झुकवतेय" हे न सांगता खुर्ची झुकवली तर कुणीही घाबरेल.

गाडीत व्हीलचेअर चार ठिकाणी बांधायची, दोन पट्टे पुढून, दोन मागून, आणि पट्टे खुर्चीच्या मुख्य सांगाड्याला लावायचे, चाकाला किंवा सुट्या होणाऱ्या भागाला नाही. पण खुर्ची बांधली म्हणजे माणूस बांधला असं होत नाही, माणसाचा बेल्ट वेगळा आणि तो पोटावर नाही, खाली कमरेच्या हाडावर बसायला हवा. लघवीची पिशवी असेल तर ती नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीवर टेकवायची नाही, आणि तिची नळी पट्ट्यात किंवा चाकात अडकत नाही ना ते बघायचं. सलाईन असेल तर ते वर. नळ्या मोजून घ्या, उचलायच्या आधी एकदा आणि ठेवल्यावर एकदा.

डायलिसिसचे पेशंट

यांच्यावर जरा जास्त लिहिते, कारण तुमच्या लिस्टमध्ये सगळ्यात जास्त वेळा हेच येतील आणि खरं सांगायचं तर मला या कामाची गोडी यांच्यामुळेच लागली.

साधारण आठवड्यातून तीनदा, दरवेळी चारेक तास. वर्षाचा हिशोब केलात तर 156 वेळा जाणं आणि 156 वेळा येणं. सख्ख्या नातेवाइकांना आपण इतक्या वेळा भेटत नाही. 1960 च्या आधी किडनी कायमची गेली तर डायलिसिस फार दिवस करताच यायचं नाही, कारण दरवेळी नवीन रक्तवाहिनी शोधून कापावी लागायची आणि शेवटी जागाच उरायची नाही. त्या वर्षी अमेरिकेत सिएटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हाताला कायमची नळी बसवायची पद्धत काढली आणि 1966 मध्ये फिस्टुलाची पद्धत आली, म्हणजे हातातली धमनी आणि शीर जोडून एक जाड रक्तवाहिनी तयार करायची. वर्षानुवर्षं दवाखान्यात ये-जा करत जगणारा पेशंट ही गोष्ट तिथून सुरू झाली, आणि त्यांना नेणाऱ्या-आणणाऱ्या आपल्यासारख्यांचं कामही.

तो फिस्टुलाचा हात म्हणजे त्यांचा जीव आहे. त्या हाताला धरून उठवायचं नाही, त्यावर बेल्ट घट्ट बसू द्यायचा नाही, पिशवी अडकवायला द्यायची नाही. कुठला हात ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

वेळेचं महत्त्व इथे सगळ्यात जास्त. मशीन ठरलेल्या वेळेला मिळतं, मागे दुसरा पेशंट उभा असतो, तुम्ही पाऊण तास उशीर केलात तर कदाचित त्यांचा पाऊण तास कमी होतो, आणि तेवढं पाणी आणि पोटॅशियम अंगात राहून जातं. हे मला आधी कुणी समजावलं नव्हतं. कळलं तेव्हापासून मी या पेशंटना घ्यायला नेहमी दहा मिनिटं आधी जाऊन उभी राहते. वेळेवर जाणं हे आपल्या कामात उपचाराचाच भाग आहे असं मी मानते.

परत येताना तो माणूस वेगळा असतो. अंगातून दोन-तीन लिटर पाणी काढलेलं असतं, बीपी उतरलेलं, पायात गोळे, डोकं जड. सकाळी गप्पा मारणारे काका दुपारी एक शब्द बोलत नाहीत, त्याचा राग मानायचा नाही, रेडिओ बंद ठेवायचा आणि सीट थोडी मागे करून द्यायची. घराच्या पायऱ्यांवर सगळ्यात जास्त लक्ष द्या, पडायची भीती तिथेच असते. सुई टोचलेल्या जागेतून रक्त यायला लागलं तर गॉझ ठेवून नेमक्या जागेवर बोटाने दाबून धरायचं, हात वर करायचा आणि थांबलं का म्हणून सारखं उघडून बघायचं नाही, निदान दहा मिनिटं सलग दाब ठेवायचा. रक्त जोरात उडत असेल किंवा थांबतच नसेल तर दाब न सोडता इमर्जन्सीला फोन.

केमोवाले, विसरभोळे आणि बाकीचे

केमोच्या पेशंटना वास सहन होत नाही. गाडीतलं अत्तर, फ्रेशनर काढून टाका, स्वतःही सेंट मारून जाऊ नका, उलटीची पिशवी हाताशी ठेवा पण समोर मांडून ठेवू नका. छातीत पोर्ट, म्हणजे औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी, असेल तर बेल्ट त्याच्यावर घासणार नाही असं बघा. त्यांची प्रतिकारशक्ती कमी असते म्हणून आधीच्या पेशंटनंतर गाडी पुसल्याशिवाय त्यांना बसवायचं नाही, आणि जंतुनाशक मारून लगेच कोरडं करायचं नाही, बाटलीवर जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढं ते ओलं राहायला हवं.

स्मृतिभ्रंश असलेल्या आजी "मला घरी जायचंय" म्हणत राहिल्या तर वाद घालू नका, त्यांच्याशी खोटंही बोलू नका, शांत आवाजात तेच तेच छोटं वाक्य सांगा. चाइल्ड लॉक लावा. आणि त्यांना कधीच नुसतं गेटवर सोडायचं नाही, माणसाच्या हातात माणूस द्यायचा. दिसत नसलेल्या व्यक्तीचा हात पकडून ओढू नका, तुमचं कोपर त्यांना धरू द्या. टीबीचा पेशंट असेल तर त्यांना साधा सर्जिकल मास्क, तुम्ही एन 95, आणि खिडक्या उघड्या.

काय बोलायचं आणि कधी गप्प बसायचं

जाताना आणि येताना असे हे दोन वेगळे प्रवास आहेत, हे लक्षात यायला मला वर्ष लागलं. जाताना माणूस घाबरलेला असतो, त्याला साधं काहीतरी बोललेलं बरं वाटतं, रस्ता, पाऊस, नातवंडं. येताना त्याच्याकडे काहीतरी बातमी असते आणि ती चांगलीच असेल असं नाही. म्हणून "काय म्हणाले डॉक्टर?" हा प्रश्न मी कधी विचारत नाही. "बसायला नीट आहे ना?" एवढं विचारते आणि मग गप्प. ज्याला सांगायचं असतं तो पुढच्या दोन सिग्नलमध्ये सांगतो. एका काकूंना मी सलग पाच आठवडे रेडिएशनला नेलं, त्या पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत बसायच्या, आणि शेवटच्या दिवशी उतरताना म्हणाल्या, "ताई, घरी सगळे सारखं विचारतात, तुमच्या गाडीत तेवढा अर्धा तास मला शांतता मिळायची." मी तोपर्यंत समजत होते की माझं काहीतरी चुकतंय म्हणून त्या बोलत नाहीत.

"काही होत नाही, सगळं ठीक होईल" असं म्हणू नका. तुम्हाला माहीत नसतं आणि त्यांनाही ते माहीत असतं. एका पेशंटचं दुसऱ्याला सांगायचं नाही, नाव न घेता सुद्धा नाही, आणि गाडीत फोटो काढून स्टेटसला टाकायचे नाहीत.

नातेवाईक ओरडतात. उशीर तुमच्यामुळे झालेला नसतो तरी तुमच्यावरच ओरडतात, कारण डॉक्टरवर ओरडता येत नाही आणि आजारावर तर नाहीच नाही. सुरुवातीला मी उलट उत्तर द्यायचे. आता "उशीर झाला खरा, चला लगेच निघूया" एवढंच म्हणते आणि हात कामाला लावते. पण कुणी अंगावर आलं किंवा घाणेरडं बोललं तर ते सहन करणं तुमच्या कामात येत नाही, ऑफिसला तिथूनच फोन करा.

वाटेत काही बिघडलं तर

चेहरा एका बाजूला वाकडा, एक हात वर उचलता येत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी दिसलं तरी लकवा समजून वेळ नोंदवा आणि इमर्जन्सीला कळवा, डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात की कधी सुरू झालं. छातीत दाबल्यासारखं, घाम, श्वास लागणं, तेच. फिट आली तर गाडी बाजूला घ्या, तोंडात काहीही घालू नका, धरून दाबू नका, झटके थांबले की कुशीवर वळवा. डायबिटीस असलेला माणूस घामाघूम होऊन थरथरायला लागला, असंबद्ध बोलायला लागला तर साखर उतरलेली असू शकते, शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज द्यायचं, शुद्ध नसेल तर तोंडात काहीच टाकायचं नाही.

जे शिकवलेलं नाही ते करू नका. ऑक्सिजनचा फ्लो मनाने वाढवणं, गोळी देणं, ड्रेसिंग उघडून बघणं. मदत करायची इच्छा असते म्हणूनच हा मोह होतो, पण तिथे थांबायचं आणि फोन करायचा. स्वतःला सुई लागली तर साबण-पाण्याने धुवा आणि त्याच तासात रिपोर्ट करा, घरी जाऊन बघू असं नाही.

समाधान मिळतं कुठून

पहिल्या दोन-तीन महिन्यांत बहुतेकांना वाटतं की आपण नुसते ड्रायव्हर आहोत, हमाल आहोत. मला पण वाटलं. दिवसातले कितीतरी तास पार्किंगमध्ये थांबण्यात जातात, धन्यवाद म्हणणारे थोडे आणि पाठ दुखतेय.

एमी रेझनेस्की आणि जेन डटन या अमेरिकन अभ्यासकांनी हॉस्पिटलमधल्या सफाई कर्मचाऱ्यांशी बोलून त्यांच्या कामाचा अभ्यास केला होता, 2001 मध्ये त्यांनी त्यावरून एक मांडणी केली. काम सगळ्यांचं सारखंच होतं. पण काही जण म्हणायचे आम्ही सफाई करतो, आणि काही जण पेशंटशी दोन शब्द बोलायचे, नर्सच्या वेळा बघून आपलं काम पुढे-मागे करायचे आणि स्वतःला पेशंट बरा करणाऱ्या टीममधलेच समजायचे. त्यांना कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं, त्यांनी आपलं काम आपल्या हाताने थोडं मोठं करून घेतलं होतं.

आपल्या कामात अशा जागा भरपूर आहेत, फक्त त्या शोधाव्या लागतात. मी स्वतः दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे वेटिंगचा वेळ वापरायला सुरुवात केली, डायलिसिस म्हणजे काय, फिस्टुला म्हणजे काय हे मी पार्किंगमध्ये बसून नर्सताईंना विचारून विचारून शिकले, आणि कळायला लागलं तसं आपण करतो ते का करतो हेही कळलं. दुसरी म्हणजे एक छोटी वही. दिवसाच्या शेवटी प्रत्येक नेहमीच्या पेशंटबद्दल एक ओळ, आज कुठली गोष्ट केल्याने त्यांना सोपं गेलं. पूर्ण नाव नाही, आजार नाही, वही हरवली तरी कुणाला काही कळणार नाही अशी. धन्यवाद किती जण म्हणाले त्यावर दिवस मोजायला गेलात तर बहुतेक दिवस रिकामे जातील, ते आजारी आहेत, त्यांच्याकडे तेवढी ताकद नसते. मी असं मोजते की आज किती जण न घाबरता, न दुखता पोचले. हा आकडा माझ्या हातात असतो.

थकवा येतो तो मान्य करा. झोप पूर्ण झाली नसेल तर गाडी चालवू नका, सांगून सुट्टी घ्या. एखादा फार वाईट दिवस गेला तर घरी पोचण्याआधी कुणा सहकाऱ्याशी बोला, पेशंटचं नाव न घेता बोलता येतं.

लिस्टमध्ये नाव नसतं तो दिवस

हे कुणी ट्रेनिंगमध्ये सांगत नाही. एक दिवस सकाळी लिस्ट येते आणि सोमवार-बुधवार-शुक्रवारचं एक नाव त्यात नसतं. कधी ते दुसऱ्या गावी गेलेले असतात, कधी त्यांना किडनी मिळालेली असते, आणि कधी ते गेलेले असतात. ऑफिसला विचारा. न विचारता नुसतं पुढच्या पिकअपला जाऊ नका, ते मनात तसंच राहतं. माझ्या बाबतीत दोन वर्षं नेत होते ते एक काका गेले, तेव्हा मी त्यांच्या गल्लीवरून जायचं टाळायला लागले, लांबून वळसा घालायचे. मग एक दिवस त्याच गल्लीत दुसऱ्या आजींचं पिकअप आलं. त्यांच्या घराला तशाच तीन पायऱ्या होत्या, आणि मी न सांगता त्यांच्या डाव्या बाजूला एक पायरी खाली उभी राहिले, कारण त्या काकांनी मला तसं उभं राहायला शिकवलं होतं.

सुट्टीवर जाताना

शेवटचं काम. सुट्टी घ्याल तेव्हा बदली येणाऱ्याला नुसती लिस्ट देऊ नका. वहीतलं त्याच्या उपयोगाचं ऑफिसला विचारून एका कागदावर उतरवून द्या. मी मागच्या वेळी दिला तो कागद साधारण असा होता:

सकाळचं पहिलं पिकअप, काका, उजवा हात सांभाळायचा. बेल ऐकू येत नाही, फोन करायचा. जाताना गप्पा आवडतात, येताना नाही.

दुसरं, आजी, पायऱ्या उतरताना डावीकडे उभं राहायचं, मोजायचं, तिसऱ्या पायरीला थांबायचं. घाई करायची नाही, त्या स्वतः म्हणतात चला.

तिसरं, ताई, केमो, गाडीत कुठलाच वास नको. खिडकी दोन बोटं उघडी. रडल्या तर टिश्यू मागच्या सीटच्या खिशात आहेत, त्यांना माहीत आहे, द्यायची गरज नाही.